आबाच्या तोंडावरचं ऊन

माझं माहेर धुळ्याकडचं, पांझरेच्या काठचं खेडं, पण गावाचं नाव लिहू नका भाऊ, उगा कोणाला वाईट वाटायला नको, आणि लिहून तरी काय, त्या गावात आमचं ना शेत होतं ना घराला पक्की भिंत. माझा बाप सालदार होता. आमच्या खान्देशात सालदाराचं वरीस पाडव्याला नाही सुरू होत, आखाजीला होतं, तुम्ही अक्षय्य तृतीया म्हणता ना तीच आमची आखाजी. त्या दिवशी मालक विचारतो, काय रे, राहतो का पुढचं साल, सालदार म्हणतो राहतो, की झालं, बांधला गेला पुन्हा पुढच्या आखाजीपर्यंत. आबा एकाच मालकाकडं असा आखाजीमागून आखाजी बांधला जात राहिला. मी बापाला आबाच म्हणायची. मला भाऊ नाही, बहीण नाही, मी एकटीच. माय निंदायला जायची, मी तिच्या मागं पात धरायची, शाळा चार बुकं झाली तेवढी झाली. आता मी यावलला केळीच्या वखारीत जाते, गाडी भरताना घडांना पाला लावायचं काम, हात बघा, चीक लागून लागून काळे झालेत, ते काही आता निघत नाहीत.

तर माझं लग्न यावलला जमलं, ब्याऐंशी-त्र्याऐंशी साल असंल. आमचे हे सोसायटीत शिपाई, पण नोकरदार म्हणजे नोकरदारच. सासू बोलणीला आली तेव्हा गोड होती, म्हणाली आम्हाला काही नको, पोरगी द्या आणि नारळ द्या, आणि उठता उठता दारात म्हणाली, जावयाला मात्र एखादी अशी वस्तू द्या की चारचौघांत नाव निघंल. आता काय सांगू तुम्हाला, ह्या एका वाक्यानं आबाची झोप गेली. वस्तू म्हणजे काय, भांडं नाही, कपडा नाही, वस्तू म्हणजे घड्याळ नाहीतर रेडू, तुमचा रेडिओ, आणि ते कुठून आणणार. माय म्हणायची मालकाला सांगा, आबा म्हणायचा मालकाला काय सांगू. शेवटी मालकानंच विचारलं, पोरीचं लग्न काढलं म्हणतात, आणि मालकानं नुकताच नवा कॅमेरा घेतला होता मुंबईहून, तर जुना होता तो चामड्याच्या पिशवीसकट आबाच्या हातात दिला, म्हणाला घे, जावयाला दे, रोलसुद्धा आत आहे.

रोलसुद्धा आत आहे, ह्याचा आबाला केवढा आनंद! घरी आला तो कॅमेरा उपरण्यात बांधून, तान्हं पोर आणावं तसा, आणि मायला म्हणाला, दखं का, मालकनी रोल बी घालीसन दिधा. मागच्या बाजूला एक बारीक तांबडी काच होती, तिच्यातून आकडा दिसायचा, मधलाच कुठलातरी आकडा होता. आम्हाला काय कळतं, आम्हाला वाटलं असाच आकडा असतो. माय एवढंच म्हणाली, जुना दिसस. आबा म्हणाला, जुना ते शे, पन मालकना घरना शे, टिकी. आणि त्यानं खोबरेल लावून पिशवीचं चामडं असं चोपडं केलं की माझ्या चपलेला मेलं कधी तसं लागलं नव्हतं.

लग्नात आहेर स्पीकरवर पुकारायची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. हा मामा, त्याच्याकडून तांब्या, हा चुलता, त्याच्याकडून पातेलं, असं चाललेलं, आणि मग पुकारणाऱ्यानं कॅमेरा हातात घेतला, त्याला जोर आला, म्हणाला, नवरीच्या वडिलांकडून जावईबापूंना नवाकोरा कॅमेरा. नवाकोरा! आबानं कोणाला नवा म्हणून सांगितलं नव्हतं हो, ते त्या पुकारणाऱ्याच्या तोंडचं. पण मांडवात सगळे टाळ्या वाजवायला लागले, सासूनं मान वळवून आपल्या बहिणीकडं बघितलं, आणि आबा हात जोडून उभा, नवा फेटा, नवं धोतर, चेहरा असा खाली. तेव्हा मला वाटलं लाजतोय. आता वाटतं, त्याला तिथंच सांगायचं असंल की बाबांनो जुना आहे, पण भरल्या मांडवात तोंड कसं उघडणार. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमची मूठ पुढं महिनाभर झाकलेली राहिली.

ह्यांनी लग्नात आणि नंतर देवदर्शनाला फोटो काढले, रोल संपला म्हणून जळगावला धुवायला टाकला, आणि पाकीट घेऊन आले ते सगळ्या घरादारासमोर ओट्यावर उघडलं. शेजारच्या बाया आलेल्या, नणंद होती, जाऊ होती, मी आतून चहा घेऊन आले तर सगळे पाकिटावर वाकलेले. पहिला फोटो निघाला तो कोणातरी बाईचा, गळ्यात मोठ्ठी पोत. दुसरा एका पोराचा, सायकलीवर. सासू म्हणते, हे कोण रे, दुकानदारानं दुसऱ्याचं पाकीट दिलं की काय. हे म्हणाले नाही, खाली आपले आहेत की. आपले होते खरे, पण ह्यांचा हात नवा, कुठं धुरकट, कुठं वाकडं, एकात तर वरातीतले नुसते पाय. आणि मालकाचे फोटो असे साफ! मी पहिल्याच फोटोला मालकीणबाईला ओळखलं होतं, पण तशीच चहा धरून उभी राहिले, म्हटलं निघून जाऊ दे हे पाकीट. पण ते कुठं जातंय. पुढचा फोटो निघाला शेतातला, मालकाचं सगळं घर आंब्याच्या सावलीत नाही, बांधावर उघड्यावर बसलेलं, पुढं डबे, आणि मालकीणबाईच्या मागं छत्री धरून एक माणूस उभा, कोपरी खांद्यावर फाटलेली, पायात काही नाही, हात लांब करून छत्री तिच्यावर आणि स्वतः टकटकीत उन्हात. नणंदेनं फोटो डोळ्याजवळ नेला आणि म्हणाली, वहिनी, हे तर तुझे आबा ना गं?

भाऊ, सालदार आहे हे आम्ही बोलणीतच सांगितलं होतं, लपवलं नव्हतं. पण कानानं ऐकणं वेगळं आणि ओट्यावर बसून दहा जणींनी डोळ्यांनी बघणं वेगळं. कोणी मोठ्यानं हसलं नाही, हसले असते तर बरं झालं असतं, हसतील त्याचे दात दिसतील म्हटलं असतं. तो फोटो नुसता ह्या हातातून त्या हातात फिरला. सासू म्हणाली, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, नवाकोरा म्हणे. मला अशी लाज वाटली की चहाचं ताट तसंच खाली ठेवून मी चुलीपाशी जाऊन बसले. कोणाची लाज वाटली म्हणाल तर सासूची नाही, आबाची वाटली. त्याच्या फाटक्या कोपरीची, त्याच्या अनवाणी पायांची. ज्या पायांवर मी लहानपणी उभी राहून चालायला शिकले, त्यांची मला लाज वाटली बघा.

आणि तो कॅमेरा, त्यानंही तेवढ्यातच हाय खाल्ली. बटण दाबलं की दाबलेलंच राहायचं, वर येईना. सासूनं फर्मान काढलं, माहेरची वस्तू माहेरनं नीट करून द्यायची. अशी रीत आमच्याकडं कोणाच्याच घरात नव्हती, पण सासू बोलली की रीत पडली. पहिल्या आखाजीला लेकीला न्यायला माहेराहून मुराळी येतो, भाऊ असला तर भाऊ, मला भाऊ नाही म्हणून आबाच आला. सालदाराला सुट्टी तीच काय ती. ओट्यावर बसला, पाणी प्याला, आणि सासूनं त्याच्या मांडीवर आधी कॅमेरा ठेवला, मग मालकाच्या फोटोंचं पाकीट ठेवलं, म्हणाली हे तुमच्या मालकाचे आहेत, त्यांना देऊन टाका. आबाला वाचता येत नव्हतं, फोटो बघता येत होते. त्यानं एकेक बघितला, त्या फोटोपाशी आला, थांबला, मग तो सगळ्यांत खाली घातला, पाकीट मिटलं आणि धोतराला हात पुसले. हात कोरडेच होते. मला म्हणाला चाल बेटा, गाडी निंघी जाई.

तेव्हापासून दर आखाजीला असंच. आबा यायचा, मला न्यायचा, कॅमेरा पिशवीत गळ्यात अडकवायचा, जळगावला गाडी बदलायची तर तिथं स्टँडजवळ एक घड्याळजी होता, तो घड्याळं बघायचा, टॉर्च बघायचा, कॅमेऱ्यालाही नाही म्हणायचा नाही. एकदा त्यानं बटणाखाली बॉलपेनातली स्प्रिंग बसवून दिली. एकदा आतलं काळं अस्तर चुरगळलं, उजेड शिरायला लागला, तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून दिला. दर वेळी म्हणायचा, बाबा, आता हा ठेवून द्या, ह्याचं वय झालं, नवा घ्या. आणि आबा दर वेळी म्हणायचा, नही भाऊ, जवाईनी वस्तू शे. मी शेजारी बाकावर बसलेली असायची, मला त्या घड्याळजीचीही लाज वाटायची, की हा मनात म्हणत असंल, आले पुन्हा हे बापलेक डबडं घेऊन. आखाजी झाली की आबा मला पोचवायला यायचा, कॅमेरा सासूच्या पुढं ठेवून बटण एकदा दाबून दाखवायचा, दखा, खाली गया, वर उना, आणि परतीच्या गाडीनं निघून जायचा. आणि बघा गंमत, तो घरात असायचा तेव्हा कॅमेरा एकतर मोडलेला, नाहीतर नीट होऊन आलेला पण रोल नसलेला. त्या कॅमेऱ्यानं माझ्या दोन्ही पोरांचे बारशाचे फोटो निघाले, गल्लीतल्या लग्नांचे निघाले, सासूचा तुळशीपाशी निघाला, बठ्ठ्यांचे, सगळ्यांचे निघाले. ज्यानं तो गळ्यात घालून धुळे-जळगाव-यावल केलं त्याचा नाही.

नाही कसा, एकदा निघणार होता. आमचे हे बोलायला कमी पण मनानं वाईट नाहीत. एका वर्षी ह्यांनी मुद्दाम रोल आणून ठेवला, आबानं बटण दाबून दाखवल्याबरोबर म्हणाले, मामा, उभे राहा असे अंगणात, तुमचा काढू. आबा उठला, टोपी नीट केली, दोन पावलं उन्हात गेला, आणि तिथंच थबकला. वळून म्हणाला, नको जवाईबापू, मना एक फोटो निंघेल शे, तोच भलता शे. भलता म्हणजे आमच्यात पुष्कळ. ह्यांनी कॅमेरा खाली घेतला. सासूसुद्धा त्या दिवशी आत निघून गेली. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते, वाटलं धरणी फाटावी. मला वाटत होतं लाज माझी एकटीची आहे, बाप अडाणी, तो विसरला असंल. तो काही विसरला नव्हता. मी माझी लाज चुलीपाशी बसून रडून टाकली, त्यानं त्याची गळ्यात अडकवून एवढी वर्षं एस्टीनं ने-आण केली.

मग नव्वदनंतर ह्यांनी नवा कॅमेरा घेतला, दिव्याचा, अंधारात पण निघतो तसला. आबा त्या आखाजीला आला, त्याच्या मांडीवर काही ठेवायला नव्हतं. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, शेवटी विचारलं, तो कथा शे? मी म्हटलं पेटीत ठेवलाय आबा, आता नवा आणला. हसला, म्हणाला चला, आते मी सुटनू. त्या वर्षी आम्ही जळगावला गाडी बदलली, तर त्याचे पाय आपसूक घड्याळजीच्या दुकानाकडं वळले, मग भानावर आला आणि आम्ही रसवंतीत बसून रस प्यालो. तेवढीच एक आखाजी आम्ही सुखानं गेलो.

त्याच थंडीत गेला. मालकाच्या गव्हाला रात्रीचं पाणी भरत होता, सकाळी बांधावर सापडला. मला निरोप पोचून मी यावलहून जाईपर्यंत नेऊन आले होते. तोंड काही दिसलं नाही मला.

आखाजीला आमच्यात घागर भरतात, जो गेला त्याच्या नावाची. मातीची घागर, वर खरबूज ठेवायचं, सांजोरी ठेवायची, आमरस-पोळीचा नैवेद्य, आणि चुलीत आगारी टाकायची, म्हणजे पितरांच्या नावानं घास विस्तवाला द्यायचा. पहिलं वरीस म्हणजे महत्त्वाचं. पोरगा नाही म्हणून चुलतभाऊ घागर भरणार होता. महिनाभर आधी माय मला म्हणाली, बठ्ठास्ना घरमा आते घागरजोडे फोटो ठेवतस, तू तुना बापना फोटो लई ये. तिला डोळ्यांना कमी दिसायला लागलेलं. म्हणाली, दिसस तवलोंग दखी लेसू. आता मी कुठून आणणार? आख्ख्या दुनियेत त्याचा एकच फोटो, आणि तो आम्हीच त्याच्या हातानं मालकाकडं परत पाठवलेला.

गेले मालकाच्या वाड्यावर. मालकही तोवर वारलेले, मालकीणबाई झोपाळ्यावर. ये गं सुमन म्हणाल्या, चहा दिला, चांगला माणूस होता हो तुझा बाप, कधी उलटून बोलला नाही. मी म्हटलं बाई, शेतातला एक फोटो होता तुमचा, आबा मागं उभा होता. त्या म्हणाल्या, हा काय, भिंतीवरच आहे, ह्यांचा फार आवडता होता. मी वर बघितलं. काचेच्या चौकटीत मालक, पोरं, डबे, मालकीणबाई, त्यांच्या डोक्यावर छत्री, आणि छत्रीचा दांडा धरलेली एक मूठ. नुसती मूठ. मनगटापाशी फोटो कापलेला. मालकीणबाई म्हणाल्या, अगं तो कडेला होता, चौकटीत मावत नव्हता. वाईट नाहीत हो त्या, त्यांच्या मनातसुद्धा काही नव्हतं. मी चहा प्याले, कप धुऊन पालथा घातला, आणि इतकी वर्षं ज्या फोटोची मला लाज वाटली, त्यातली ती मूठ तेवढी तरी कापून मागावी असं मनात आलं. पण कसं मागणार.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं आणि जे रडले ते लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ह्यांच्या समोर रडले. हे उठले, माळ्यावरची पेटी काढली, कॅमेऱ्याच्या चामड्याच्या पिशवीला आतून एक खिसा होता, त्यात बोटं घातली आणि त्या पहिल्या रोलची काळी फिल्म बाहेर काढली. म्हणाले, फोटो परत दिले, पण हिचं कोणी नाव काढलं नाही, म्हणून मीच ठेवून दिली होती. दर आखाजीला ती आबाच्याच गळ्यात जायची-यायची, आणि त्याला पत्ता नव्हता.

यावलच्या स्टुडिओत गेलो. तो फिल्म उजेडाला धरून म्हणाला, बाई, ह्यात सगळ्यांत साफ हाच माणूस आलाय. छत्रीखालच्या बाईचा चेहरा काळा पडलाय सावलीनं, ह्याच्या तोंडावर ऊन आहे ना, म्हणून सुरकुतीन् सुरकुती दिसते. मग म्हणाला, बाकीचे काढून टाकू, छत्री ठेवू का? मी म्हटलं काढा. अजून लाज गेली नव्हती भाऊ, खोटं कशाला बोलू, म्हटलं भावबंद येतील, बघतील. त्यानं आबाचाच मोठा करून दिला, छातीपर्यंत, डोळे उन्हानं बारीक केलेले, खांद्यावरची कोपरी फाटलेली, आणि एक हात वर गेलेला, कशाला ते दिसत नाही.

आखाजीच्या दिवशी अंगणात घागर भरली, शेजारी पाटावर फोटो ठेवला, हार घातला. भावबंद आले, पाया पडले, कोणी विचारलं हात कशाला वर केलाय, कोणी म्हणालं झोक्याचा दोर धरला असंल, आखाजीचे झोके असतात ना कडुलिंबाला बांधलेले. मी हो म्हटलं. माय भिंतीला धरत धरत आली, फोटो डोळ्याशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. कोणाला काही विचारलं नाही तिनं. नवऱ्याचा वर गेलेला हात तिला काय ठाऊक नसंल होय, किती उन्हाळे तो तसाच वर बघितलेला. तिनं फोटो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, त्यासना तोंडवर ऊन शे वं माय, आते तरी सावलीमा ठेव.

मी पाट उचलून लिंबाखाली नेला. वैशाखाचं ऊन, सावली काही एका जागी थांबत नाही. ती सरकली की मी पाट सरकवायचे, पाहुण्यांना वाढता वाढता, भांडी घासता घासता, दिवस मावळेपर्यंत. आता दर आखाजीला तेच करते. पोरं म्हणतात, आई, नुसता फोटो तर आहे, कशाला उठबस करते. मी म्हणते, जेवा तुम्ही, मला काही त्रास होत नाही.